ढिल्या झाकणाची डबी

आमच्या बँडमध्ये आम्ही तिघंच. मी गातो. खरं तर ओरडतो, पण इतकी वर्षं ओरडल्यावर त्याला गाणं म्हणायचा हक्क आपल्याला मिळतो, असं मी मानतो. गिटार वाजवणाऱ्याचं परभणीत मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळलेल्या मोटारी तो उघडतो, त्यांच्यात तांब्याची तार नव्यानं भरून देतो. त्याच मशीनवर त्यानं स्वतःच्या गिटारचे पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी वेटोळी, गुंडाळलेत, आणि त्या गिटारसारखा आवाज जगात दुसऱ्या कुठल्या गिटारला येत असेल असं मला वाटत नाही. ड्रमवाला पिंगळीचा, घरची शेती. चौथा एक होता, बास वाजवायचा. तो पुण्याला नोकरीला गेला आणि त्याच्या जागी कुणी मिळालं नाही. आमच्याकडं सोयाबीन काढायला माणूस मिळत नाही, बास वाजवायला कुठून मिळणार?

पहिला अल्बम आम्ही वाइंडिंगच्या दुकानातच केला. नाव ‘फेज गेला’. पाच गाणी. त्यातल्या एका गाण्यात मध्येच गिऱ्हाइकाचा आवाज आहे, “पाच एचपीची झाली का हो?” तो आम्ही तसाच ठेवला. आमचा नियम एकच, जसं वाजलं तसं. एक छोटा रेकॉर्डर मध्यभागी टांगायचा, तिघांनी त्याच्याकडं तोंडं करून वाजवायचं, आणि ज्या क्रमानं गाणी वाजली त्याच क्रमानं ती अल्बममध्ये जायची. वरून काही चिकटवायचं नाही, मागून काही खोडायचं नाही. हा नियम मीच केला होता. मोठ्या तोऱ्यात केला होता.

आता आईचं सांगतो, कारण ही गोष्ट तिच्यापाशीच येऊन थांबते.

आमचं पालमला भांड्याचं दुकान आहे. वडील गेल्यापासून आई गल्ल्यावर बसते, मी माल आणतो. तिचे डोळे आता अधू झालेत, पण कान असा आहे की नव्या मालातला प्रत्येक तांब्या ती बोटाच्या पेरानं वाजवून घेते आणि दिसत नसलेली चीर सांगते. घाऊकवाला तिला घाबरतो. माझा पहिला अल्बम तिनं दोन मिनिटं ऐकला आणि विचारलं, “पोट दुखत होतं का रं तुझं?”

आम्ही लिंगायत. आमच्यात लेकरू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात, आणि ते मरेपर्यंत अंगावेगळं होत नाही. रोज आंघोळ झाली की डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची, मग तोंडात पाणी. आणि कधी हरवलंच, तर सापडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. आजकाल एवढं कोण पाळतं, असं तुम्ही म्हणाल. मीही असंच म्हणायचो. चहाच्या टपरीवर, मित्रांत, मोठ्या आवाजात म्हणायचो.

माझं लिंग एका चांदीच्या डबीत असतं. त्या डबीचं झाकण ढिलं झालं होतं आणि मी चालायला लागलो की ती बारीक खुळखुळायची. त्या आवाजावरून आईला कळायचं, मी माळ्यावर आहे की मागच्या अंगणात. “सराफाकडून बसवून घे ते झाकण,” हे ती वर्षभर सांगत होती. आणि मी “घेतो, घेतो” म्हणत होतो, जसं आपण सगळेच म्हणतो.

बँडला तिनं कधी नाही म्हटलं नाही. अट एकच घातली. “चार लोकांत उड्या मारायलास, मार. केस वाढवलास, वाढव. पर हे अंगावरून हलता कामा न्हाई. ज्या दिवशी हे पडलं त्या दिवशी तुझं गाणं बंद.” आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती स्वतः दोरा बांधायची. गळ्यातून, काखेखालून, छातीवर आवळून. मग दोरा आणि छाती यांच्यामध्ये बोट घालून बघायची. बोट गेलं तर पुन्हा आवळायची.

दुसरा अल्बम आम्ही गेल्या मे महिन्यात झरीला केला. ड्रमवाल्याच्या मामांची तिथं कापसाची जिनिंग आहे. हंगाम संपला की ते भलंमोठं शेड रिकामं पडतं, आणि पत्र्याखाली आवाज असा घुमतो की एक ढोल वाजवावा आणि चार ऐकू यावेत. कोपऱ्यात सरकीचा ढीग उरला होता, म्हणून अल्बमचं नावही ‘सरकी’. दहा गाणी. एक एसटी स्टँडवर, एक लग्नाच्या बायोडाट्यावर, एक गावच्या विजेच्या डीपीवर, एक वर कुणीच बसलेलं नाही अशा अर्थाचं. ते वर कुणी नाहीवालं मी लिहिलेलं. त्याचा मला फार अभिमान.

सहावं गाणं डीपीचं. त्याच्या शेवटी मी एक प्रकार करतो. ड्रमवाल्याच्या पायाशी जो मोठा ढोल असतो, त्याच्या पुढच्या कातड्याला तांब्या जाईल एवढं भोक आहे. मी गुडघ्यावर बसतो, डोकं पार खाली घालून तोंड त्या भोकाला लावतो आणि आत ओरडतो. आवाज विहिरीतून आल्यासारखा निघतो. ढोल फार घुमू नये म्हणून त्याच्यात एक गोधडी कोंबलेली असते आणि ती सरकू नये म्हणून तिच्यावर अर्धी वीट.

सातवं गाणं सुरू करायच्या आधी ड्रमवाला म्हणाला, “काय तरी खुळखुळायलंय बघ.”

“पत्रा वाजायला असंल,” गिटारवाला म्हणाला.

“पत्रा न्हाई, माझ्या पायापाशी वाजायलंय.”

मी त्याच्यावर खेकसलो. माझा गळा तापला होता, श्वास कधी नव्हे एवढा मोकळा लागला होता, आणि हा स्क्रू तपासत बसणार. “वाज म्हणावं त्याला! जसं वाजलं तसं. चल, घे!” त्यानं घेतलं. पुढची चारही गाणी आम्ही एका दमात वाजवली. शेवटचं गाणं संपलं तेव्हा गिटारवाला नुसता माझ्याकडं बघत राहिला. एवढं चांगलं मी कधीच गायलो नव्हतो. मला ते माहीत होतं.

चार वाजता आवरलं. ड्रम टेम्पोत घालून ड्रमवाला पिंगळीला गेला. गिटारवाल्यानं मला मोटारसायकलवरून परभणीच्या स्टँडवर सोडलं. पालमच्या गाडीला वेळ होता. ऊन अजून भाजत होतं. मी पाण्याची बाटली घेतली, टोपण काढलं, आणि पहिल्या घोटाआधी सवयीनं हात छातीवर गेला.

छातीवर काही नव्हतं. शर्टाच्या आत दोऱ्याचं एक टोक घामानं चिकटलेलं सापडलं. दुसरं टोक पिंजलेलं.

 मी फलाटाच्या कट्ट्यावर बसलो. बाटली हातात, टोपण उघडं, आणि जीभ टाळूला चिकटलेली. आता गंमत बघा. वर कुणी नाही, हे गाणं त्याच दुपारी गाऊन आलेला माणूस मी. कुणी बघत नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं. पण ती बाटली ओठाला लावणं मला जमेना. दोनदा उचलली, दोनदा खाली ठेवली. शेजारी एक म्हातारी बसली होती, तिला देऊन टाकली. ती घटाघटा प्यायली आणि मी दुसरीकडं बघितलं.

तिथून तडक वाइंडिंगच्या दुकानात. गिटारवाल्यानं माझा चेहरा बघून शटर ओढलं आणि मोटारसायकल काढली. झरीला उजेड होता तोवर आम्ही दोघांनी ते शेड गुडघ्यांवर हिंडून बघितलं. काही नाही. बाहेर आल्यावर आईला फोन केला.

“रेकॉर्डिंग राहिलंय थोडं. उद्या येतो.”

“बरं. घसा कोरडा पडलाय तुझा. पाणी पे.”

“पितो.”

फोन ठेवल्यावर मला रडू आलं. भीतीनं आलं, हे कबूल करतो. गाणं बंद होणार याची भीती, तिला सांगावं लागणार याची भीती, आणि तिसरी एक भीती, जिचं नाव मला तेव्हा घेता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी धान्याच्या दोन चाळण्या दिल्या आणि आम्ही सरकीचा ढीग चाळायला घेतला. ड्रमवालाही पिंगळीहून आला. पत्र्याखाली आठ वाजताच तापायला लागलं. सरकीचा बारीक केस नाकातोंडात जात होता. दहाच्या सुमारास माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि मी चाळणीसकट बसलो.

“पानी पी भाई,” गिटारवाला म्हणाला. “मैं किसी को नहीं बोलता. कसम से.”

“न्हाई.”

“अरे मरशील! मे महिना हाय. देव काय तुझा जीव घेऊन बघणाराय का?”

“देवाचं काढू नको.”

“मग कुणाचं काढू? तूच म्हणतोस ना, वर कुणी न्हाई?”

मी त्याच्या अंगावर चाळणी फेकली. लागली असती तर डोळा गेला असता. लागली नाही. तो बाहेर निघून गेला, आणि मला वाटलं, संपलं, लिंगही गेलं आणि मित्रही गेला. ड्रमवाला खाली मान घालून सरकी चाळत राहिला.

थोड्या वेळानं गिटारवाला परत आला. हातात रेकॉर्डर आणि हेडफोन. “तू ओरडत होतास तव्हाच पडलं असंल ते. पडलं तर वाजलं असंल. वाजलं तर यात असंल,” तो म्हणाला आणि माझ्याकडं पाठ करून ऐकायला बसला.

मोटार उघडायच्या आधी तो तिच्या अंगावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवतो आणि मूठ कानाला लावून ऐकतो. बेअरिंग गेलंय की आतलं काही सुटलंय, ते त्याला आवाजावरून कळतं. तसाच तो डोळे मिटून बसला. पहिलं गाणं. दुसरं. तिसरं. एकेक गाणं सहा-सात मिनिटांचं. मी भिंतीला टेकून स्वतःच्या थुंकीची वाट बघत होतो आणि ती येत नव्हती. पाचवं संपलं. ज्या गाण्यात वर कुणी नाही म्हणतो ते पाचवंच होतं. पडायचंच होतं तर त्यात पडायला हवं होतं, लोकांना सांगायला बरं झालं असतं. पण तसं काही नाही.

सहाव्याच्या शेवटी त्यानं हात वर केला. मागं घेतलं. पुन्हा ऐकलं. मग एक हेडफोन माझ्या कानाला लावला. मी विहिरीतून ओरडतोय, आणि त्या ओरडण्याच्या खाली, अगदी बारीक, टक्. विटेवर काहीतरी आपटल्यासारखं.

“हे बाहेर पडलेलं न्हाई,” तो म्हणाला. “हे पोकळीत वाजलंय.”

आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मग ड्रमवाला पांढराफटक पडला. “ढोलात,” तो म्हणाला. “म्हणूनच खुळखुळत होतं. आन् म्या…”  शेवटची चार गाणी त्याचा पाय त्या ढोलावर पडत होता, मिनिटाला कित्येकदा.

मोटारसायकलवर तिघं. झरीहून परभणी, परभणीहून पिंगळी. मला मध्ये बसवलं होतं, पडू नये म्हणून. रेल्वे फाटकापाशी गाडी जायची होती, तिथं थांबलो. ड्रमवाल्यानं घरी फोन लावला, कुणी उचलला नाही. “माय धुण्याला गेली असंल,” तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं. कालच तो आईला म्हणाला होता की ढोलातली गोधडी सरकीनं भरलीय.

अंगणात शिरलो तर गोधडी भिंतीवर वाळत होती. धुतलेली, पिळलेली, टपकत असलेली. ढोल उघडा. वीट तुळशीपाशी. मी त्या गोधडीकडं बघत उभा राहिलो. कालव्यावर धुतली असणार, मला वाटलं, आणि आता सगळा कालवा चाळायचा.

ड्रमवाल्याची आई पदराला हात पुसत बाहेर आली. शेतावर राबणारी, धिप्पाड बाई. तिनं आमच्याकडं बघितलं आणि मलाच ओळखलं. “तुझं हाय का रं लेकरा? गोधडी झटकायले तर हातात आलं. म्या उघडलं न्हाई बाबा. लिंगायताचं हाय एवढं कळलं.”

आत देव्हाऱ्यात, तिच्या देवांपासून जरा बाजूला, एका पाटावर माझी डबी होती. तिच्यावर तांबड्या जास्वंदीचं फूल होतं. झाकण दोऱ्यानं घट्ट बांधून ठेवलं होतं.

त्यांच्या आडावर मी आंघोळ केली. ओल्यानंच बसलो, लिंग तळहातावर घेतलं, आणि गिटारवाल्यानं खालून माझं मनगट धरलं. पूजा केली. मग पाणी प्यायलो. ते पाणी कसं लागलं ते मला सांगता येत नाही आणि सांगणारही नाही. एवढंच की झरीला ज्या तिसऱ्या भीतीचं नाव मला घेता येत नव्हतं, ती काय होती ते तेव्हा कळलं. ते गेलं असतं तर मी एकटा पडलो असतो. आईची भीती नंतरची.

घरी गेल्यावर पिंगळीहून बांधून आलेला नवा दोरा आईनं चाचपला. सांगावं तर लागलंच.

“तुटला,” म्हणालो. “पर पडल्या पडल्या कळलं. लगेच उचललं.”

“लगेच?”

“लगेच.”

तिनं लिंग तेवढ्यापुरतं रुमालात गुंडाळून माझ्या छातीवर बांधलं. मग डबी घेऊन स्वतः सराफाकडं गेली आणि झाकण बसवून आणलं. गाणं बंद कर, असं काही म्हणाली नाही. मी सुटलो. त्या दिवसापासून मी घरात फिरताना काही वाजेनासं झालं.

अल्बम पावसाळा संपता संपता बाहेर पडला. सातपासून दहापर्यंतची गाणी पुन्हा वाजवून घेऊ, असं मी म्हणू शकलो असतो. त्या चारही गाण्यांच्या तळाशी ती बारीक खुळखुळ आहे, ढोलाच्या प्रत्येक ठोक्यासरशी. इतरांना ती झांजेसारखी वाटते. पण त्या चार गाण्यांत माझा आवाज जसा लागलाय तसा पुन्हा लागणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी नियमाकडं बोट दाखवलं. जसं वाजलं तसं. खरं कारण हाव होती.

दिवाळीआधी एक गिऱ्हाईक कुकर घ्यायला आलं आणि आईला म्हणालं, तुमच्या लेकाचं नवं गाणं नांदेडच्या पोरांच्या मोबाइलवर ऐकलं. त्या दुपारी गर्दी ओसरल्यावर आईनं हात पुढं केला. “दे. बघू काय केलास ते.”

“दोन मिनिटं ऐकून देशील परत.”

“दे म्हणले ना.”

मी इअरफोन तिच्या कानात घातले आणि पितळी डब्यांची चळत पुसायला घेतली. पुसून झाली तरी पुसत राहिलो. तिनं दोन मिनिटांनी काढले नाहीत, दहा मिनिटांनीही नाही. ती हात मांडीवर ठेवून, नव्या मालाला बसते तशी बसली होती. मी गाणी मोजत होतो. सहाव्याच्या शेवटी तिच्या कपाळावर आठी पडली. सातवं सुरू झालं आणि तिनं मान वर केली. मी घरात शिरल्यावर पूर्वी ती अशीच मान वर करायची. सहा महिने तो आवाज तिनं ऐकला नव्हता.

तिनं सगळं ऐकलं. दहावं संपल्यावर इअरफोन काढून गल्ल्यावर ठेवले, वायर नीट गुंडाळली.

“चार गाणी,” ती म्हणाली. “चार गाणी ते त्या ढोलात वाजायलंय, आन् तू गायलास.”

मी हातातला डबा चळतीवर ठेवला.

“आन् फोनवर घसा कोरडा होता तुझा. त्या राती पाणी पेला न्हाईस ना?”

“न्हाई.”

“सकाळीबी न्हाई?”

“न्हाई.”

तिचे डोळे भरले. तिनं ते पुसले नाहीत. “खोटं बोललास. ते मी इसरणार न्हाई,” ती म्हणाली. मग चिडल्यासारखी, “आन् गायलास तर त्याच चार गाण्यांत. पयल्या सहांत तुझा दम कोंडलाय. मलाच ऐकू यायला पाह्यजे होतं ते.”

तिनं मला जवळ बोलावलं. दुकानाच्या उंबऱ्याकडं पाठ करून बसायला लावलं, शर्टाची वरची बटणं काढली आणि दोऱ्याची गाठ सोडली. एका हातानं डबी माझ्या छातीवर दाबून धरली आणि दुसऱ्यानं दोरा ओढून घेतला. या वेळी तिनं आधी स्वतःची दोन बोटं दोरा आणि छाती यांच्यामध्ये घातली, मग गाठ मारली.

“घे श्वास,” ती म्हणाली.

मी घेतला.

“आणखी घे.”

मी आणखी घेतला. तिनं बोटं काढून घेतली, गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली आणि गल्ल्यावर जाऊन बसली.